सेप्टिक टँक उपसण्याची सेवा कशी पारखावी: फोंडा तालुक्यातला एक अनुभव

सेप्टिक टँक उपसून देणाऱ्या टँकरसेवेविषयी शेजारीपाजारी बोलणे निघते तेव्हा दोनच गोष्टींची चौकशी होते: गाडी सांगितलेल्या वेळी आली का, आणि फेरीला किती घेतले. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, परंतु त्यांच्या उत्तरांवरून काम चांगले झाले की वाईट हे कळत नाही. फोंडा तालुक्यातल्या आमच्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभा दगडाच्या घराची टाकी यंदाच्या उन्हाळ्यात एका खासगी सेवेकडून उपसून घेतली, त्या कामाचा हा अभिप्राय आहे. सेवेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एक तर काही गोष्टींबद्दल माझी तक्रार आहे, आणि दुसरे म्हणजे या धंद्यात एकाच मालकाच्या दोन गाड्यांवरची माणसे वेगळी असली की कामही वेगळे होते. त्यामुळे नाव कळण्यापेक्षा काम पारखता येणे वाचकाच्या अधिक उपयोगाचे आहे.

टाकी मुळात कशासाठी उपसायची, हे आधी नीट समजून घ्यायला हवे. आपल्याकडच्या घरगुती सेप्टिक टँकला बहुधा दोन कप्पे असतात. पहिला मोठा, दुसरा त्याच्या सुमारे निम्मा. मैला पहिल्या कप्प्यात पडतो, जड भाग तळाशी बसतो, तेल, तूप, साबणाचा फेस असे हलके पदार्थ वर तरंगून त्यांचा जाड थर धरतो, आणि मधल्या पट्ट्यातले त्यातल्या त्यात निवळ पाणी दुसऱ्या कप्प्यातून पुढे शोषखड्ड्यात, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यात जाते. तळाच्या गाळातला काही भाग हवेवाचून जगणारे जिवाणू पचवतात, सगळा नव्हे. उरलेला गाळ वर्षानुवर्षे साचत राहतो. झाकण उघडून पाहिले आणि टाकी काठोकाठ भरलेली दिसली म्हणून पुष्कळ जण घाबरून टँकर बोलावतात, पण बाहेर जाणाऱ्या नळाच्या पातळीपर्यंत भरलेली असणे हीच टाकीची नेहमीची स्थिती आहे. पाहायचे असते ते गाळ किती उंच आला आहे ते. गाळ चढला की पाण्याला थांबायला जागा उरत नाही, आज आलेला मैला निवळण्यापूर्वीच पुढे ढकलला जातो, आणि ती घाण शोषखड्ड्याच्या भिंतींवर आणि भोवतालच्या मातीवर बसून तिची छिद्रे बुजवते. टाकी अर्ध्या दिवसात रिकामी करता येते. बुजलेला शोषखड्डा मात्र उपसून पूर्ववत होत नाही, बहुतेक वेळा दुसरा खणावा लागतो. म्हणजे टाकी उपसायची ती खरे तर शोषखड्डा वाचवण्यासाठी, आणि टँकरवाल्याचे काम याच मापाने मोजले पाहिजे असे माझे मत आहे.

गोव्यात हे माप अधिकच महत्त्वाचे ठरते. पणजी, मडगाव, वास्को यांच्या काही भागांत मलनिस्सारण वाहिन्या आहेत. बाकी गावोगावची बहुतेक घरे सेप्टिक टँक आणि शोषखड्डा यांवरच चालतात. डोंगरउतारावर आणि सड्यावर जांभा दगड आहे. तो दिसायला टणक असला तरी त्याच्या अंगात पोकळ्या आणि भेगा असतात, आणि अशा भेगेला शोषखड्ड्याचे पाणी लागले की मातीतून हळूहळू गाळून जाण्याऐवजी ते थेट खाली उतरते. त्याच जांभ्यात घराची विहीर खणलेली असते. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर आणि राहत्या घरापासून किमान ६ मीटर दूर असावा असे आयएस २४७० हे भारतीय मानक सांगते. वाड्यावरच्या, म्हणजे गावातल्या वस्तीच्या घरांना हे अंतर राखणे सोपे नसते, कारण आपली विहीर एका बाजूला आणि शेजाऱ्याची दुसऱ्या बाजूला असते आणि शेजाऱ्याच्या विहिरीपासूनही तेवढेच लांब राहायचे असते. भाटातली किनारी रेताड जमीन पाणी फार लवकर ओढते, खाडीकाठच्या खाजणाजवळची चिकणमाती मुळीच ओढत नाही. टँकरवाला आपल्या टाकीतून गाळ न काढता नुसते पाणी ओढून गेला, तर त्याचे फळ यांपैकी आपल्या वाट्याला आलेली जमीन दाखवून देते.

वेळेची निवड ही सेवेची पहिली परीक्षा. गोव्यात मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ५ जूनच्या सुमारास पोचतो आणि वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. जुलैपर्यंत जमिनीतले पाणी इतके वर येते की शोषखड्डा शोषायचे सोडून स्वतःच भरू लागतो. अशा दिवसांत टाकी पूर्ण रिकामी करणे धोक्याचे असते. भोवतालचे पाणी रिकाम्या टाकीला खालून उचलते, फायबरची किंवा प्लास्टिकची टाकी चक्क वर येते, आणि बांधीव टाकीच्या तळाला वा भिंतींना तडे जाऊ शकतात. तरीही टँकरची मागणी पावसात वाढते, कारण संडासात पाणी तुंबते ते पावसात. त्यातही चवथीच्या आधी, जेव्हा मुंबई-पुण्याहून सगळी भावंडे मूळ घरी यायची असतात आणि चार माणसांच्या टाकीवर वीस माणसांचा भार पडायचा असतो. फोनवरच्या माणसाने मला सांगितले की मे संपायच्या आत काम करून घ्या, आणि पावसात बोलावलेत तर आम्ही टाकी निम्मीच उतरवू. धंदेवाईक माणसाने स्वतःचे काम नाकारणारे असे बोलावे, याचे मला कौतुक वाटले.

त्याच फोनवर त्याने आणखी नेमके प्रश्न विचारले. रस्त्यापासून टाकी किती लांब आहे, ती रस्त्याच्या वर आहे की खाली, झाकणे किती, ती सिमेंटने बंद केली आहेत का, वाटेत पूल किंवा अरुंद वळण आहे का. हे प्रश्न कोणी विचारत नसेल तर दुसरी सेवा शोधावी, कारण यांतला प्रत्येक प्रश्न कामाच्या यंत्राशी जोडलेला आहे. व्हॅक्यूम टँकर मैला ढकलत नाही, स्वतःच्या टाकीतली हवा काढून तो मैला ओढून घेतो. हवेच्या दाबाने साधे पाणीदेखील सिद्धांताप्रमाणे १० मीटरच्या आसपासच चढते, आणि प्रत्यक्षात, त्यातही दाट गाळ असेल तर, त्याहून बरेच कमी. आमचे घर रस्त्याच्या खालच्या अंगाला आणि टाकी घराच्या मागे, म्हणजे पाइपाची लांबी आणि चढ दोन्ही प्रतिकूल. गाडी वरच्या रस्त्यावर उभी राहिली असती तर पातळ पाणी आले असते आणि गाळ तळाशीच राहिला असता. त्यांनी लहान गाडी पाठवून ती अंगणापर्यंत उतरवली. इथे एक सूचना करावीशी वाटते: अंगणात गाडी घेताना शोषखड्ड्याची जागा आपण दाखवून द्यावी. ५००० लिटर मैला भरलेल्या गाडीत नुसत्या मालाचेच वजन ५ टनांच्या घरात जाते, आणि जुन्या खड्ड्यावरची फरशी हे वजन पेलेल याची कोणी हमी देऊ शकत नाही.

गाडी येण्यापूर्वी गाळ मोजून ठेवावा. टाकीच्या खोलीपेक्षा लांब अशी बांबूची काठी घ्यावी, तिच्या खालच्या भागाला जुन्या पांढऱ्या धोतराचे कापड घट्ट गुंडाळावे, बाहेर जाणाऱ्या नळाच्या बाजूने ती तळ लागेपर्यंत हलकेच सोडावी, काही मिनिटे तशीच धरावी आणि सरळ वर काढावी. कापडावर गाळ जिथपर्यंत होता तिथपर्यंत काळाकुट्ट, कण चिकटलेला पट्टा उमटतो आणि त्याच्या वर पाण्याचा फिकट राखाडी डाग दिसतो. दोहोंमधली सीमा इतकी स्पष्ट असते की वाद घालायला जागा उरत नाही. तळाचा गाळ आणि वरचा थर मिळून पाण्याच्या खोलीच्या निम्म्याच्या पुढे गेले असतील तर उपसायची वेळ झाली असे समजावे. साधारण दोन-तीन वर्षांनी टाकी उपसावी असा प्रघात सांगितला जातो आणि तो चुकीचा नाही, पण घरात राहणारी माणसे, खोल्या पाहुण्यांना भाड्याने देण्याची पद्धत, आणि स्वयंपाकघराचे व न्हाणीचे पाणी टाकीत जाते की माडाच्या अळ्यात, यांवर तो मागेपुढे होतो. पूर्वी न्हाणीचे पाणी माडालाच जात असे. आता प्रत्येक खोलीला जोडून न्हाणीघर आले, धुण्याचे यंत्र आले, आणि हे सगळे पाणी त्याच जुन्या टाकीत सोडले जाते. ते टाकीत किमान २४ तास थांबले पाहिजे हे गणित त्यामुळे कोलमडते.

प्रत्यक्ष काम सुरू झाले तेव्हा पहिली नाराजी झाली. गाडीबरोबर चालक आणि एक मदतनीस असे दोघे होते. त्यांनी पहारीने पहिल्या कप्प्याचे झाकण उचलले (झाकणाच्या खालच्या अंगाला चिकटलेली झुरळांची फौज चारी दिशांना पळाली, तो भाग वाचकांनी कल्पनेवर सोडावा), पाइप आत सोडला आणि पंप चालू केला. पाइपाचे तोंड पाण्याच्या वरच्या भागात होते. पाहता पाहता पातळी उतरली, गाडी भरली, आणि चालकाने पाइप गुंडाळायला घेतला. दुसऱ्या कप्प्याचे झाकण उघडलेलेच नव्हते, आणि पहिल्याच्या तळाशी काळा चिखल जसाच्या तसा दिसत होता. मी तसे म्हटल्यावर उत्तर आले की गाळ हवा असेल तर दुसरी फेरी करावी लागेल, तिचे पैसे वेगळे.

या धंद्याची सगळी खोच या एका उत्तरात आहे. दर फेरीवर असतो. पाणी ओढायला सोपे, गाळ ओढायला वेळ लागतो आणि पाइप तुंबतो. तेव्हा गाडी पाण्याने भरून नेण्यातच चालकाचा फायदा. घरमालक रिकामी दिसणारी टाकी पाहून समाधान पावतो, वापर सुरू होताच ती पुन्हा त्याच पातळीला भरते, आणि गाळ होता तिथेच राहतो. यावर उपाय अवघड नाही. पाइप आरंभापासूनच तळाशी न्यावा, गाळ ढवळून पातळ करावा आणि मग ओढावा. पुष्कळ टँकरांत पंप उलटा चालवता येतो, त्यामुळे ओढलेला पातळ मैला जोराने परत टाकीत सोडून तळ ढवळता येतो. आमच्या गाडीत ती सोय होती. चालकाशी थोडी बोलाचाली झाल्यावर, आणि मालकाला फोन लावल्यावर, दुसऱ्या फेरीत त्यांनी तसेच केले. दोन्ही कप्पे उघडले, गाळ ढवळला, कोपऱ्यांतून पाइप फिरवला, आणि तळाशी थोडासा गाळ जिवाणूंच्या बेगमीसाठी राहू दिला. ही दुसरी फेरी निर्दोष होती. पहिली फेरीही तशीच करता आली असती, आणि ती तशी झाली असती तर पैशांचा हिशेब वेगळा झाला असता.

दुसरी तक्रार याहून गंभीर आहे. ढवळूनही एका कोपऱ्यात गाळ दगडासारखा घट्ट राहिला. मदतनीस चपला काढून झाकणाच्या कडेला बसला आणि म्हणाला, ‘काका, पाच मिनिटं आत उतरतो, फावड्यानं मोकळं करतो.’ मी त्याला उतरू दिले नाही. चालक त्यावर हसला आणि म्हणाला की सगळे तसेच करतात. सगळे तसेच करतात म्हणूनच वर्तमानपत्रांत दर काही महिन्यांनी त्याच प्रकारची बातमी येते. टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास थोड्या प्रमाणात तीव्र जाणवतो, पण प्रमाण वाढले की नाकाची जाणीवच बधिर होते, आणि वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असा समज करून घेणारा माणूस दोन श्वासांत कोसळू शकतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. झाकण तासभर उघडे ठेवले म्हणून धोका टळत नाही, कारण घट्ट गाळात कोंडलेला वायू फावडे लागताच सुटतो. दुसरा वायू मिथेन, तो पेट घेणारा. विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत इथे लावणे म्हणजे अपघाताला आमंत्रण आहे. टाकीजवळ विडीसुद्धा पेटवू नये, आणि आत पाहायचे असेल तर विजेरीनेच, बाहेर उभे राहून पाहावे.

कायद्याची बाजूही घरमालकाने लक्षात ठेवावी. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याच्या कलम ७ प्रमाणे कोणत्याही व्यक्तीला, स्थानिक संस्थेला किंवा एजन्सीला गटाराच्या वा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावता येत नाही. ‘व्यक्ती’ या शब्दात तुम्ही आणि मी येतो. सुरक्षेची साधने आणि खबरदारी न पुरवता करून घेतलेली सफाई धोकादायक मानली जाते, आणि पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गटारसफाईत मृत्यू आलेल्याच्या कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी असे सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सांगितले आहे. आमच्या टाकीतला तो कोपरा शेवटी बागेच्या नळीने पाण्याचा मारा करून आणि लांब बांबूने वरूनच टोचून सैल केला. त्याला वेळ लागला, एवढेच. मालकाकडे हातमोजे आणि गमबूट होते असे फोनवर कळले. ते गाडीत नव्हते.

आता सेवेच्या सर्वांत चांगल्या भागाविषयी. दोन्ही कप्पे रिकामे झाल्यावर चालकाने लगेच झाकण लावले नाही. त्याने विजेरीचा झोत बाहेर जाणाऱ्या नळाच्या तोंडावर धरला आणि मला बोलावले. त्या तोंडातून करंगळीएवढी पाण्याची धार टाकीत परत येत होती. काळसर, आवाज न करता भिंतीवरून उतरणारी. टाकीतून खड्ड्यात जायचे पाणी खड्ड्यातून टाकीत येत होते. भर उन्हाळ्यात, जमीन तडकलेली असताना, हे पाणी भूजलाचे असणे शक्य नव्हते. शोषखड्डा तुंबला आहे, टाकी उपसून तुम्हाला काही महिने मिळतील, पण खड्ड्याचे काही करा, असे त्याने स्पष्ट सांगितले. हे निदान रिकाम्या टाकीतच करता येते आणि त्याला फार तर अर्धा तास लागतो, पण बहुतेक गाड्या तेवढ्यात पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेलेल्या असतात. याच वेळी टाकीचे बाकीचे अवयवही पाहून घ्यावेत. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या नळांना इंग्रजी टी अक्षरासारखे जोड असतात, ते तुटले असतील तर वरचा थर सरळ खड्ड्यात जातो. आमचा बाहेरचा जोड खालून मोडलेला निघाला, आणि खड्डा तुंबण्याचे अर्धे कारण तिथे सापडले. चिऱ्याने बांधलेल्या टाकीचा आतला गिलावा सुटला असेल तर भिंत पाझरते, कारण चिरा मुळात पाणी अडवणारा दगड नव्हे. स्लॅबची खालची बाजू खास पाहावी; टाकीतला वायू ओलाव्याबरोबर आम्ल होऊन काँक्रीट खातो आणि सळ्या उघड्या पाडतो, वरून मात्र सगळे ठाकठीक दिसते.

काम उरकल्यावर मदतनिसाने एका पावडरीची पाकिटे पुढे केली. महिन्याला एक पाकीट संडासातून सोडले तर टाकी कधीच उपसावी लागणार नाही, असा त्याचा दावा होता. मी घेतली नाहीत. चालू असलेल्या टाकीत जिवाणूंची वाण नसते, मैल्याबरोबर ते रोज येतच असतात, आणि वाळू, केस, न पचणारा कचरा यांचा साठा कोणत्याही पावडरीने नाहीसा होत नाही. काही पदार्थ तर तळाचा गाळ उचलून पाण्यात मिसळतात, म्हणजे तो शोषखड्ड्याकडे निघाला. पावडरीवर खर्च करण्यापेक्षा संडासात ओतले जाणारे अॅसिड आणि फिनाईल आवरावे. भांडे चकचकीत ठेवण्याच्या नादात बाटलीच्या बाटली रिकामी केली तर जिवाणू मरतात आणि गाळ लवकर साचतो. सॅनिटरी पॅड, ओले पुसणे (वेट वाइप्स), माशांची खवले-आतडी आणि सोलकढीच्या भांड्यातले खोबरेल थर यांना टाकीत जागा नाही, हेही सांगून ठेवतो. ‘विरघळते’ असे वेष्टनावर छापलेले ओले पुसणे आमच्या टाकीतून अखंड निघाले, त्यावरचे नक्षीकामसुद्धा शाबूत होते. टाकीच्या वायुनळीच्या टोकाला बारीक जाळी लावून घ्यावी, नाहीतर त्या वाटेने क्युलेक्स डास आत जाऊन पैदास करतात. आमच्याकडची जाळी गंजून गेली होती, चालकाने ती दाखवली. नवी मात्र आम्हालाच आणून लावावी लागली.

आपल्या अंगणातून निघालेला मैला कुठे जातो, या प्रश्नावर ही सेवा कमी पडली. टँकरांनी मैला सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर नेऊन उतरवायचा असतो. पणजीत टोंक येथे आणि मडगावात शिरवडे येथे अशी केंद्रे आहेत. फोंड्याहून पणजी सुमारे ३० किलोमीटर, म्हणजे एका फेरीत जाऊन-येऊन ६० किलोमीटरचे डिझेल, वर केंद्रावरची रांग. ओहोळाच्या काठी किंवा आडरस्त्याला रात्री झडप उघडण्याचा मोह कुठून येतो हे यावरून कळते, आणि असे टँकर गावकऱ्यांनी पकडल्याच्या बातम्या गोव्यात नव्या नाहीत. मी चालकाला विचारले तेव्हा ‘प्लांटवर’ एवढेच उत्तर मिळाले. बिलावर तारीख आणि रक्कम होती. गाडीचा क्रमांक नव्हता, केंद्राचे नाव नव्हते, मैला उतरवल्याची पावती तर नव्हतीच. मालकाने ती नंतर पाठवतो म्हणून सांगितले आणि पाठवली नाही. मी कोणावर आरोप करीत नाही, पण गिऱ्हाइकाने पावती मागितल्यावर ती देता येत नसेल तर सेवेचे काम माझ्या दृष्टीने अर्धेच झाले. गाडी बोलावताना फोनवरच ही अट घालावी आणि शेवटचे पैसे पावतीनंतर द्यावेत.

दरांविषयी थोडक्यात. गाडीचा आकार, गाव, प्रक्रिया केंद्रापासूनचे अंतर आणि हंगाम यांप्रमाणे आकडा बदलतो, म्हणून आमचा आकडा इथे देऊन इतरांची दिशाभूल करण्यात अर्थ नाही. फेरीऐवजी काम ठरवावे: दोन्ही कप्पे, तळापर्यंत, ढवळून, इतके पैसे. सुरुवातीला मालक नाखूश होतात. टाकीचे माप सांगितले की बहुतेक तयार होतात. पाच माणसांच्या घराला मानकाप्रमाणे दीड मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद टाकी पुरते, परंतु जुन्या गोमंतकीय घरांत मापे ऐसपैस असतात, त्यामुळे आधी मोजून सांगणे दोघांच्याही सोयीचे.

सांडलवंड थोडी झाली. पाइपाच्या एका जोडाखाली त्यांनी बादली ठेवली होती, दुसऱ्याखाली नव्हती. निघताना दोघांनी अंगण पाण्याने धुऊन ब्लीचिंग पावडर टाकली, टाकीत ती जाऊ नये म्हणून मध्ये गोणपाटाचा बांध घातला, हे पाहून बरे वाटले. झाकणे त्यांनी नुसती ठेवली. सिमेंटचा सांधा भरणे सेवेत धरलेले नाही, आणि ही गोष्ट आधी सांगितली जात नाही. घरात लहान मुले असतील तर गवंड्याला त्याच दिवसासाठी सांगून ठेवावे, कारण न बसवलेले झाकण पावलाखाली फिरते.

शोषखड्ड्याचे कामही ही सेवा घेत नाही. त्यासाठी आम्ही गावातला गवंडी बोलावला, विहिरीपासूनची अंतरे दोरीने मोजली आणि जुन्या खड्ड्याच्या वरच्या अंगाला, शेजाऱ्याच्या विहिरीपासून १८ मीटरांपलीकडे जागा निघाली ती धरली. तळाला जांभ्याची मोठी भेग लागली तर खड्डा तिथेच थांबवून उथळ आणि रुंद करायचा, असे ठरवून खणायला सुरुवात केली आहे. मोडलेल्या जोडाच्या जागी पीव्हीसीचा नवा जोड बसला असून पाऊस लागण्यापूर्वी खड्ड्यावर स्लॅब पडेल असे गवंडी म्हणतो.